गंजलेले नट-बोल्ट सोडविताना

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रोहिणीचा पाऊस पडावा, जमिनीला वापसा यावा आणि त्याच सकाळी कल्टिव्हेटरच्या झिजलेल्या फाळाचा बोल्ट सुटू नये, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. मग पान्यात लांब नळी घालून दोघेजण लोंबकळतात. बोल्ट तुटतो, नाहीतर नटाचे कोपरे गोल होतात. कधी पाना निसटून हाताची बोटे फुटतात. बोल्ट काही रुपयांचा असतो, पण वाफशाचे दिवस परत मिळत नाहीत. म्हणून हे काम मे महिन्यातच, सवडीने करावे.

लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांतील फट गच्च भरते. आधी ही पकड मोडावयाची आहे. खत-बियाणे पेरणी यंत्राचे बोल्ट सर्वांत लवकर धरतात, कारण खताचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात.

सुरुवात करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे किंवा खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या नांगराखाली कोणीही बसू नये. तरफेला नुसता धक्का लागला तरी तो खाली येतो. ही चूक जिवावर बेतते आणि ती जुनेजाणते लोकही करतात.

तारेच्या ब्रशने माती व बाहेर आलेल्या आट्यांवरील गंज काढावा, कारण नट शेवटी त्याच आट्यांवरून बाहेर यावयाचा असतो. नंतर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून नटाच्या बुडाशी सोडावे. संध्याकाळी सोडावे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा सोडावे आणि सकाळी पान्याला हात लावावा. पंधरा मिनिटांत फरक पडत नाही म्हणून पुष्कळजण हा उपाय सोडून देतात. त्याला रात्रभराचा वेळ द्यावाच लागतो. सकाळी नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने बेताचे ठोके द्यावेत. हादऱ्याने गंज तडकतो व तेल आत शिरते.

पाना नेमक्या मापाचा हवा. १७ मि.मी.च्या नटाला १९चा पाना लावून फटीत पत्र्याची पट्टी घालणे म्हणजे कोपरे घालविण्याची हमखास युक्ती! स्क्रू पानाही येथे नको. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी पाना वापरावा. प्रथम नट किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा, मग सोडण्याच्या दिशेने. थोडा हलला की तेल सोडावे, पुन्हा मागे-पुढे करावे. एकदम फिरविण्याचा मोह टाळावा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवून ढकलावा, म्हणजे निसटल्यास बोटे वाचतात. आटे उलटे नाहीत ना, हेही पाहावे. सायकलचे डावे पेडल उलट्या आट्यांचे असते हे आपणास ठाऊकच आहे. तसे काही यंत्रांतही असते.

एवढ्यानेही न हलल्यास उष्णता द्यावी. बोल्ट न तापविता नट तापवावा, म्हणजे नट फुगून पकड सैल होते. त्याआधी डिझेल पुसून काढावे. इंधनाची टाकी, रबरी नळ्या, बेअरिंग व सील यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगजवळही नको, तिचे पाणी उतरते.

नांगराच्या फाळाच्या बोल्टाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या डोक्याखालचा चौकोन फाळाच्या भोकात बसतो. तो झिजला की नटाबरोबर बोल्टही फिरू लागतो. अशा वेळी डोक्यावर छन्नीने खाच पाडून ते दुसऱ्याकडून धरून घ्यावे. तेही न जमल्यास नट कापावा. हॅक्सॉचे पाते बोल्टाला समांतर ठेवून नटाची एक बाजू आट्यांपर्यंत येऊ लागेतो कापावी व त्या खाचेत छन्नी ठोकावी. नट उकलतो. नट-बोल्ट दोन्ही टाकूनच द्यावयाचे असतील, तर सरळ छन्नीने उडवावेत. त्यात कमीपणा नाही. मात्र छन्नीवर घाव घालताना चष्मा लावावा, आणि छन्नीचे डोके छत्रीसारखे पसरले असेल तर ते आधी घासून घ्यावे. त्याचे कपचे डोळ्यात जातात.

तुटलेल्या बोल्टाचा तुकडा वर राहिला असेल तर कानशीने त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून पाना लावता येतो. बिडाच्या भागात खोल तुटला असल्यास तो कारखान्यात न्यावा. घरी ठोकाठोक केल्यास बीड तडकते.

पंपाच्या स्टार्टरवरील स्क्रूची खाच गेली असेल, तर आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत. पेचकस व स्क्रू यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून जोराने दाबत फिरवावे. बहुधा निघतो.

नवीन बोल्ट बसविताना जुन्याच्याच ताकदीचा घ्यावा. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर त्याजागी बिनआकड्याचा बोल्ट घालू नये. आट्यांना ग्रीस लावावे, स्प्रिंग वायसर घालावा आणि पहिले दोन-तीन तास काम झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.