पूर्वजांचा माग : घरातून आणि दप्तरातून

(श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार झाला की घराण्याची आठवण होते. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेली मंडळी कुळदेवतेच्या दर्शनाला येतात आणि विचारतात, आपला खापरपणजोबा कोण? त्याचे घर कोठे होते? त्याला भाऊबहिणी किती? सांगणारी जुनी माणसे एकेक करून जात आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आताच शोधले पाहिजे.

शोध माहीत असलेल्या माणसापासून सुरू करावा आणि एकेक पिढी मागे जावे. एकदम शिवकाळात उडी मारून आपले घराणे कोणा सरदाराला जोडू नये. आजोबांच्या शाळेचा दाखला पहावा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये सापडतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बारसे व्हायच्या आधीच नोंद होत असल्याने तेथे पुष्कळदा मुलाचे नाव नसते, फक्त बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. तेवढ्याने निराश होऊ नये.

पुढे वारसाचा फेरफार पहावा. सातबारा जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो; ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो. खातेदार केव्हा वारला, मागे कोण राहिले, हे त्यात येते. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्याने एकाच नावाची दोन माणसे निघतात. तेव्हा जमिनीचा नंबर ताडून पहावा. मात्र एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, हे ध्यानात ठेवावे. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि कोल्हापूर-सांगलीकडील हेळव्यांच्या नोंदी यांतही पिढ्या सापडतात.

केवळ आडनावावर विसंबणे मात्र धोक्याचे. महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे, असे चरित्रकार सांगतात. तेथून ते पुरंदरातील खानवडीस आले. पुढे पुण्यात फुलांचा धंदा केला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. कटगुणच्या कागदांत ‘फुले’ शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? म्हणून आडनावाबरोबर गाव आणि धंदाही विचारावा.

जोतीरावांच्या मातोश्री चिमणाबाई. जोतीराव तान्हे असतानाच त्या वारल्या. मुलगा थोर झाला म्हणून त्यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. आपापल्या घरी पणजीचे नाव विचारून पहावे. पणजोबाचे नाव सांगणारे दहा भेटतील, पणजीचे सांगणारा एखादाच. शेत बापाकडून मुलाकडे जाई, आणि नाव शेताबरोबर चाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारसांत येऊ लागली. पुष्कळ बहिणींनी भावांसाठी हक्क सोडला आणि सातबाऱ्यावरून त्यांचे नाव कमी झाले. पण फेरफाराच्या पानावर ते अजून आहे. ज्या आत्याने हक्क सोडला तिचे नाव निदान वंशावळीतून तरी सुटू नये.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. त्याआधीच्या आयांची नावे मात्र ज्याची त्याने लिहिली पाहिजेत. घरात एक वही घालावी. प्रत्येकाचे पूर्ण नाव, आईचे नाव, तिचे माहेर, लेकी कोठे दिल्या, हे त्यात लिहावे. जे ऐकीव असेल त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहावे. घरातल्या वृद्ध बायकांना आधी विचारावे, कारण सोयरीक त्यांच्याच ध्यानात असते.

देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली आहेत, ती टिकतील. ज्या माउल्यांनी या देवापुढे दिवा लावला त्यांची नावे घरच्या वहीत तरी टिकावीत, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.