हाफ नोटमधली साडेसत्तावीस मिनिटं

न्यूयॉर्कमध्ये हडसन आणि स्प्रिंग या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कँटेरिनो या इटालियन कुटुंबाचा ‘हाफ नोट’ नावाचा जॅझ क्लब होता. बारच्या मागे उंचावर वादकांची बैठक, समोर खाणारी-पिणारी मंडळी. २६ मार्च १९६५ च्या शुक्रवारी ॲलन ग्रँट या निवेदकाने तिथून रेडिओवर थेट कार्यक्रम सादर केला. वाजवणारे चौघे : सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रमवर एल्विन जोन्स.

या आणि तिथूनच झालेल्या ७ मेच्या प्रक्षेपणाच्या टेप सॅक्सोफोनवादक पुढे वर्षानुवर्षं एकमेकांकडून उतरवून घेत राहिले. ‘वन डाउन, वन अप’ या नावाने त्यांचा अल्बम अधिकृतपणे बाहेर आला तो थेट २००५ मध्ये.

अल्बमला नाव देणारी रचना साडेसत्तावीस मिनिटांची आहे. प्रक्षेपण सुरू होतं तेव्हा गॅरिसनचं एकल वादन चालूच असतं. श्रोता जणू उशिरा पोचून मागच्या खुर्चीत बसतो. मग कोलट्रेन येतो. हळूहळू टायनरचा पियानो थांबतो, नंतर बासही थांबतो. उरतात सॅक्सोफोन आणि ड्रम, आणि अल्बमचं खरं मोल याच टप्प्यात आहे.

मराठी कानाला इथे जुगलबंदी आठवेल, पण ही जुगलबंदी नव्हे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जवाब द्यावा, असं इथे काही नाही. दोघे एकाच वेळी, पूर्ण ताकदीने बोलतात. कोलट्रेन एक छोटासा स्वरसमूह घेतो, तो उलटा करतो, वरच्या सप्तकात नेतो, किंकाळीपर्यंत ताणतो. सुरांचा आधार देणारं दुसरं वाद्य नाही, म्हणून तो हवा तितका दूर जाऊ शकतो. पण लय कुठेच सांडत नाही, कारण एल्विनचे हातपाय वेगवेगळे आघात करत असूनही मूळ चाल धरून ठेवतात. हे चौघे १९६२ पासून जवळजवळ रोज रात्री एकत्र वाजवत होते. त्या सहवासाशिवाय हे धाडस केवळ गोंगाट ठरलं असतं.

वेळेची मर्यादा रेडिओला होती, वादकांना नव्हती. अल्बममधली ‘आफ्रो ब्लू’ ही रचना रंगात आलेली असतानाच विरत जाते. खटकतं ते, पण क्लबमधली एक नेहमीची रात्र त्यामुळेच खरी वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये कोलट्रेनने स्वतःसह ११ वादकांचा ताफा घेऊन ‘असेन्शन’ ध्वनिमुद्रित केलं. वर्ष संपता संपता टायनर बाहेर पडला. पाठोपाठ १९६६ च्या सुरुवातीला एल्विनही. हाफ नोटमध्ये पियानो इतका वेळ गप्प राहतो, त्यात या फुटीची चाहूल ऐकू येते.

नव्या श्रोत्याने आधी ‘अ लव्ह सुप्रीम’ ऐकावं. ते डिसेंबर १९६४ चं, याच चौघांचं, स्टुडिओत बांधेसूदपणे घडवलेलं. सगळं मिळून सुमारे ३३ मिनिटांचं. लगेच त्यामागे ‘वन डाउन, वन अप’ लावावं. दोहोंत अंतर आहे जेमतेम साडेतीन महिन्यांचं.