मोबाईलची दवंडी रानापर्यंत पोचू द्या



२०२३ साली केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाईलवरून आपत्तीचा इशारा देण्याची चाचणी घेतली. कितीतरी फोन अचानक मोठ्याने वाजले, थरथरले आणि पडद्यावर संदेश आला. काहीजणी घाबरल्या, काहींना वाटलं फोनच बिघडला. तो इशारा नेमका काय, ते आज समजून घेऊ.

पूर्वी गावात दवंडी पिटत. हाक जिथवर जाई, तिथवर सगळ्यांना एकदमच कळे. आपला नेहमीचा एसएमएस पोस्टमनसारखा असतो. एकेका नंबरावर जातो, गर्दी झाली की खोळंबतो. हा नवा इशारा मात्र दवंडीसारखा आहे. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. ज्या भागाला धोका आहे, तिथल्या टॉवरवरून तो निघतो आणि टप्प्यातल्या फोनांवर एकदम येतो. नंबर नोंदवायला नको, इंटरनेट नको. माहेरपणाला आलेल्या लेकीच्या फोनवरही येतो.

पण दवंडी माणसांच्या कानावर पडायची, हा इशारा फोनवर पडतो. आणि घरातला फोन असतो कुणाजवळ? बऱ्याचदा मालकांच्या नाहीतर मुलाच्या खिशात. विजांचा इशारा येतो तेव्हा बाई रानात खुरपत असते. ज्याचा फोन वाजला त्याने तो गप्प करून खिशात ठेवला, तर इशारा तिथेच संपला.

म्हणून आजच घरी एवढं करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहे का, ते मुलांकडून बघून घ्या. आवाजाला वैतागून ते बंद करू नका. रानात जाताना चौघीजणींत एक तरी चालू फोन असू द्या. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप त्यात घेऊन ठेवा. इशारा आला की मोठ्याने वाचा, शेजारच्या बांधावर हाक द्या, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं दार वाजवा. विजा असतील तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. मदत हवी असेल तर ११२ लावा.

टॉवरच बंद पडला तर हा इशाराही येणार नाही. तेव्हा देवळाचा भोंगा आणि आपला आवाज, दोन्ही तयार ठेवा. टॉवरची दवंडी फोनपर्यंत येते, तिथून पुढची आपणच पिटायची आहे.