१०३ वी फेरी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा नियम आहे की पगार, फ्लॅट आणि मुलांचे मार्क हे तीन विषय सोडून बोलायचं. म्हणून मी आज मोटारींच्या शर्यतीवर बोलणार आहे. मागच्या बाकावरून हसू आलं, ते कोणाचं हे इतक्या वर्षांनीही न वळता सांगता येतं!

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं अमेरिकेत, शार्लट शहरात होते. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, तेच त्या भागात स्टॉक कार शर्यतींचं. दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी, पण आतून शर्यतीसाठीच बांधलेली गाडी. लंबगोल ट्रॅकवर शेकडो फेऱ्या मारायच्या. मधेमधे पेट्रोल आणि टायरसाठी ‘पिट’मध्ये थांबायचं, तिथे एकेक सेकंद मोजला जातो. १९९२ च्या सुमारास वर्षभरात अशा पंचवीस-तीस शर्यती व्हायच्या. प्रत्येकीचे गुण मिळायचे आणि ज्याची बेरीज जास्त तो त्या वर्षीचा विजेता ठरायचा. थोडक्यात, आपल्या घटक चाचण्यांसारखं.

तिथेच मला अ‍ॅलन कुलविकी हे नाव कळलं. हा विस्कॉन्सिनचा, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. १९८० च्या दशकाच्या मध्यात घरचं सगळं विकून तो शर्यतींच्या माहेरघरी, शार्लटच्या परिसरात आला. मोठ्या टीमकडे अनेक गाड्या, भरपूर माणसं आणि पैसा. हा मात्र स्वतःच टीमचा मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, हाताशी मोजकी माणसं. ज्युनिअर जॉन्सन या तिथल्या दिग्गज मालकाने त्याला आपल्या टीममध्ये बोलावलं, मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला. याने नाही म्हटलं. गाडी माझ्या पद्धतीने बांधेन, एवढाच हट्ट. लोकांना तो हेकट वाटायचा. आपल्या वर्गातही असे एक-दोघे होते, नावं घेत नाही.

१९९२ च्या हंगामात सहा शर्यती उरल्या असताना डोव्हरला त्याचा अपघात झाला आणि तो आघाडीपासून २७८ गुणांनी मागे पडला. एका शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात फक्त पाच गुणांचा फरक असायचा, त्यावरून २७८ म्हणजे किती हे लक्षात येईल. पण पुढच्या पाच शर्यतींत पुढचे घसरले, हा टिकला. १५ नोव्हेंबर १९९२ ला अटलांटात शेवटची शर्यत सुरू झाली तेव्हा सहा जणांना विजेतेपदाची संधी होती. डेव्ही अ‍ॅलिसन पहिला, कुलविकी त्याच्या ३० गुण मागे, बिल इलियट ४० गुण मागे.

कुलविकीची गाडी फोर्ड थंडरबर्ड. त्या दिवशी त्याने परवानगी काढून नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं झाकली. उरलं ‘अंडरबर्ड’, म्हणजे ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नाही असा गडी. स्वतःवर हसायची तयारी असलेला माणूस मला नेहमी आवडतो.

शर्यत ३२८ फेऱ्यांची. पहिल्याच पिटमधून निघताना त्याचा पहिला गिअर तुटला. ज्यांनी कधी घाटात भरलेली गाडी थांबवून पुन्हा चढावर काढली आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. गिअरबॉक्समध्ये धातूचा तुटका तुकडा फिरतोय आणि अजून तीन-चार थांबे बाकी. टीमप्रमुख पॉल अँड्र्यूज यांनी ठरवलं की दर वेळी थेट चौथ्या गिअरमध्येच निघायचं. जितके गिअर कमी बदलू, तितका तो तुकडा कमी हलेल. आमच्या धंद्यात प्रॉडक्शन चालू असताना बिघाड सापडतो. सिस्टिम बंद करता येत नाही, दुरुस्तीला वेळ नाही. मग त्या भागाला धक्का न लावता रात्र काढायची. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला घाम फुटला होता.

२५४ व्या फेरीच्या सुमारास अर्नी अर्व्हनची गाडी गरकन फिरली आणि अ‍ॅलिसन तिच्यावर आदळला. त्याची आशा तिथेच संपली. आता उरले कुलविकी आणि इलियट, आणि पुढे दोघेच होते.

इथून पुढे गणित आहे. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी तपासून घ्यावं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक तरी फेरी आघाडीवर राहिलं की पाच गुण. सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर असेल त्याला आणखी पाच. कुलविकी इलियटच्या दहा गुण पुढे होता. इलियट पहिला आणि हा दुसरा आला, तर पाच गुण कमी होणार. जास्त फेऱ्यांचे पाचही इलियटने नेले, तर दोघे बरोबरीत. बरोबरीत ज्याने जास्त शर्यती जिंकल्या तो विजेता, आणि तो इलियट.

म्हणजे शर्यत हरली तरी चालेल, पण आघाडीच्या फेऱ्या हरून चालणार नाही. पिटमध्ये बसून टीम फेऱ्या मोजत होती. पुरेशा झाल्या हे कळेपर्यंत कुलविकी आघाडी सोडायला तयार नव्हता. ३१० व्या फेरीला तो आत आला. टायर बदलले नाहीत, फक्त पेट्रोल, तेही पूर्ण भरलं नाही. इलियट पुढे गेला. कुलविकीने त्याचा पाठलाग केला नाही, पेट्रोल पुरवत राहिला.

इलियटने शर्यत जिंकली. त्याच्या आघाडीच्या फेऱ्या १०२. कुलविकीच्या १०३. वर्षाचा विजेता कुलविकी, फक्त दहा गुणांनी. मग त्याने ट्रॅकवर उलट्या दिशेने फेरी मारली, ही त्याची जुनी खूण. आणि गाडीतून उतरण्याआधी सगळ्यांना ताटकळत ठेवून केस विंचरले!

साडेचार महिन्यांनी, १ एप्रिल १९९३ ला, पुढच्या शर्यतीला जाताना विमान अपघातात तो गेला. वय ३८. आपण सगळे त्याच्याहून मोठे झालो आहोत.

आज इथे कोणी डॉक्टर आहे, कोणी शेती बघतंय, कोणाचं दुकान आहे, कोणी आई-वडिलांसाठी परदेशातून परत आलं, कोणाची नोकरी गेल्या वर्षी गेली. चहाच्या वेळी मी बघत होते, प्रत्येक जण मनात दुसऱ्याशी तुलना करतोय. मीही करत होते. त्या शेवटच्या अठरा फेऱ्यांत कुलविकीसमोर दुसरी गाडी पुढे चालली होती, लाखभर लोक ती पाहत होते, आणि तो शांत राहिला, कारण आपल्याला नेमकं किती हवंय हे त्याला माहीत होतं. तुमचा आकडा तुम्ही काढा. तो शेजाऱ्याच्या वहीत बघून काढता येत नाही, हे बाईंनी आपल्याला तेव्हाच बजावलं होतं.

 दहा मिनिटं झाली, म्हणून आत येते.