हीटरची हवा पळते कुठे?

श्रोतेहो, अमेरिकेतल्या जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकांची एक तक्रार मोठी गमतीची आहे. सपाट रस्त्यावर हीटरची ऊब पायांशी येते. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की तीच हवा समोरच्या काचेकडे पळते! लोक लगेच पंखा बदलायला निघतात. पंखा बिचारा फिरतोच आहे; चुकते ती हवेची दिशा.

पुष्कळ जुन्या गाड्यांत ही दिशा बदलणारी झडप एंजिनातल्या निर्वाताने, म्हणजे व्हॅक्यूमने, ओढली जाते. ॲक्सिलरेटर पुरता दाबला की ही ओढ कमी पडते. तेवढ्या वेळापुरती ती राखायला एक डबी आणि एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. नळी तडकली किंवा व्हॉल्व्ह बिघडला की ओढ सुटते आणि स्प्रिंग झडपेला काचेकडे नेते. ही योजना मुद्दाम केलेली, बरे का! पाय गारठले तरी चालतील. काचेवर वाफ धरून रस्ता दिसेनासा होता कामा नये.

तेव्हा आधी कान द्या. डॅशबोर्डमागे फुसफुस ऐकू येते का? मग एंजिन बंद करून, गार झाल्यावर, बॉनेटखालच्या बारीक नळ्या चाचपा. व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहा. हवा दोन्हीकडून जात असेल, तर तो नवा बसवा. पंखा फक्त शेवटच्या वेगावरच फिरत असेल, तर रोग निराळा. तिथे बहुधा पंख्याचा रेझिस्टर जळालेला असतो.