वहीत लिहिलं नाही ते

(सफाई कामगार वसाहतीतल्या विहारात, दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींच्या सत्कारसभेत केलेलं भाषण.)



सत्कार झाला. गुलाबाचं फूल मिळालं, पेन मिळालं, आणि नगरसेवक होऊ घातलेल्या एका साहेबांचा फोटो छापलेली फाईल मिळाली. फाईल चांगली आहे, दाखले ठेवायला होईल. फोटोवर मी कागद चिकटवणार आहे. आता म्हणतात, 'दोन शब्द बोल, तुला काय व्हायचंय ते सांग.' माझ्या आधी पाचजण बोलले. तिघांना कलेक्टर व्हायचंय, एकाला इन्स्पेक्टर, एकीला डॉक्टर. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. व्हा, जरूर व्हा. माझं मात्र दोन शब्दांत बसत नाही. चहा उशिरा येईल, सांभाळून घ्या.

मी महिन्यापूर्वी कॉलेजात गेले. एफ.वाय.बी.ए. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या मॅडमनी निबंध दिला : पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता? वर्गातल्या पोरींनी माना खाली घालून भराभरा लिहायला घेतलं. कुणाला बाहेरदेशी जायचंय, कुणाला बापाचा धंदा वाढवायचाय. मी पेन चावत बसले. मनात म्हटलं, मॅडम, पाच वर्षांनी आमची खोली कुठं असेल ते आधी सांगा, मग मी कुठं असेन ते सांगते. पण हे काय वहीत लिहिता येतं? मी लिहिलं, मला आय.ए.एस. होऊन देशाची सेवा करायची आहे. मॅडमनी खाली 'छान' असा शेरा मारला. आयुष्यातली पहिली कॉलेजातली शाबासकी, आणि ती खोट्याबद्दल.

दुसरं खोटं त्याच दिवशी बोलले. बाकावरच्या पोरीने विचारलं, कुठं राहतेस? मी स्टेशनचं नाव सांगितलं. वसाहतीचं नाही. ती म्हणाली, स्टेशनच्या कुठल्या बाजूला? मी म्हटलं, इथंच, जवळच. तुम्ही सगळे इथं बसलाय म्हणून तोंडावर सांगते, मी तुम्हाला लपवलं. ज्या गल्लीत चालायला शिकले ती गिळून टाकली. रात्री झोप लागली नाही. तर आज इथं जे बोलायचंय ते वहीत लिहिलं नाही ते.

माझा बाप झाडूखात्यात होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. डॉक्टरने टीबी लिहिला, वसाहतीने दारू लिहिली. दोन्ही खरं आहे. पण उघड्या हाताने मेलेलं कुत्रं गाडीत टाकून बघा, पावसाळ्यात तुंबलेल्या गटारात काठी घालून उभं राहून बघा, आणि मग मला सांगा संध्याकाळी घशाखाली घास कशाने उतरतो ते. बापाच्या जागी वारसा हक्काने आई लागली. ती समोर बसलीय, तिसऱ्या ओळीत, पदर तोंडाला लावून. आई, लाजू नकोस. लाजायचं काम मी करून बसलेय, तुझ्यासाठी उरलं नाही.

वारसा! काय शब्द आहे बघा. लोकांना वारशात जमीन येते, वाडा येतो, पेढी येते. आम्हाला झाडू येतो. सत्तरीच्या दशकात लाड आणि पागे ह्यांच्या समित्यांनी शिफारशी केल्या, सफाई कामगार मेला, रिटायर झाला, अंगाने निकामी झाला तर त्याच्या वारसाला कामावर घ्यावं. मी त्या शिफारशींना शिव्या देणार नाही. त्या नसत्या तर बापाच्या तेराव्याला आम्ही फुटपाथवर असतो. कायम नोकरी, पगार, खोली, हे कुणी दानात दिलेलं नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला तो काय हौस म्हणून? आजही ठेकेदाराकडचा पोरगा आईइतकंच झाडतो आणि तिच्या पगाराच्या कितीतरी खाली हात पसरतो. कायम म्हणजे काय ते त्याला विचारा.

पण हेही बघा. जो हक्क आपल्याला जगवतो, तोच आपल्या पोराला बापाच्याच जागी नेऊन उभा करतो. वरून दया आणि खालून जात. मनूने हजारो वर्षं फुकट करून घेतलं ते आता हजेरीपटावर सही घेऊन करून घेतात. आणि हा हक्क सोडायचा कुणी? ज्याच्याकडे दुसरं घर आहे त्याने. आमच्याकडे आहे का? खोली नोकरीला बांधलेली. आईची तीन वर्षं राहिलीत. गुडघे गेलेत, पहाटे हजेरी चौकीवर जाताना भिंतीला धरून उठते. तीन वर्षांनी एकतर घरातलं कुणीतरी वारसाचा अर्ज भरणार नाहीतर खोली खाली करणार. भाऊ सहावीत आहे. म्हणजे कोण उरलं ते तुम्हीच मोजा.

म्हणून मला काय व्हायचंय हे विचारण्याआधी हिशेब असा आहे : माझं बी.ए. आणि आईची रिटायरमेंट एकाच वर्षी येतात.

मी इथं टाळ्यांसाठी 'झाडू हातात घेणार नाही' असं ओरडणार नाही. ओरडणं सोपं आहे. खोली गेली तर भावाची शाळा जाईल, आणि एका पोरीच्या घोषणेपायी एका पोराला ठेक्यावर जावं लागलं तर ती कसली क्रांती? पण गुपचूप मान खाली घालून सहीही करणार नाही. सही करायची वेळ आली तर करीन, डिग्रीचा कागद त्या अर्जाला टाचून करीन, आणि विचारीन, बी.ए. झालेल्या पोरीला द्यायला तुमच्याकडे झाडूच का आहे? हे लेखी विचारीन, पोच घेईन. आणि झाडावंच लागलं तर झाडीन आणि पुढं शिकीन. नोकरी करून शिकणाऱ्या पोरांची सोय व्हावी हे बाबासाहेबांच्या डोक्यात होतं, म्हणून १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं. आपल्यात कामावरून आंघोळ करून वर्गात गेलेल्यांची रांग मोठी आहे. मी काही पहिली नाही.

'वसाहतीतली पहिली' असं मघाशी सूत्रसंचालक दादा माझ्याबद्दल म्हणाले, तेही मला नको. काय पहिली? माझ्या बरोबरीच्या सातजणी ह्याच गल्लीत खेळल्या. दोघींची लग्नं झाली, तिघी धुण्याभांड्याला जातात, एक दुकानात उभी असते दहा तास, एक कुठं गेली ते तिच्या आईला विचारायची माझी छाती होत नाही. माझ्याहून हुशार होती ती. माझी पहिली असण्याची शान म्हणजे ह्या सातजणींची गळती. मोजायचंच असेल तर ते मोजा.

तुम्ही म्हणाल, पोरगी नुसती रडगाणं गातेय, कॉलेजात शिकणार काय ते सांगत नाही. अर्थशास्त्र घेतलंय. ऐकून शेजारच्या मावशी म्हणाल्या, त्याने बँकेत लागतं का? मावशी, लागत असेल तर लागेन. पण मी ते दुसऱ्या कारणाने घेतलं. बाबासाहेबांचे सूट-बूट आणि संविधान आपल्याला माहीत आहे, प्रत्येक घरात फोटो आहे. पण हा माणूस मुळात हिशेब तपासणारा होता हे आपण विसरलो. १९१५ साली कोलंबियातून एम.ए. केलं ते अर्थशास्त्रात. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक. १९२५ साली छापलेला प्रबंध कशावर? ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या पैशावर. कर कोण गोळा करतो, तिजोरी कुणाच्या हातात, खर्च कुणावर. लोअर परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोन वाजता बापाने उठवून अभ्यासाला बसवलेल्या पोराने राज्यकर्त्यांचे जमाखर्च उलगडून ठेवले.

मला ते शिकायचंय. मला पालिकेचं बजेट वाचता यायला हवं. जाडजूड असतं म्हणतात, बघणाऱ्याला झोप यावी अशाच भाषेत लिहिलेलं. त्यात गमबुटाचा आकडा कुठं असतो, हातमोज्याचा कुठं, वसाहतीच्या दुरुस्तीचा कुठं, आणि ते पैसे चौकीपर्यंत येता येता कुठल्या खिशात झिरपतात, ते मला बोट ठेवून दाखवता यायला हवं. माहितीचा अधिकार २००५ साली आला. आपल्या वसाहतीतून ह्या गमबुटांसाठी किती अर्ज गेले? मी विचारत फिरले. एकही नाही. मोर्चे गेले, निवेदनं गेली, मुकादमाशी भांडणं झाली, हाणामाऱ्यासुद्धा झाल्या. कागद गेला नाही. कागद म्हणजे त्यांचा प्रांत असं आपण धरून चाललो.

आणि कागद आपल्याशी कसा खेळतो बघा. आईचा पगार वर्षाला अडीच लाखांच्या वर, म्हणून मला स्कॉलरशिप नाही, फ्रीशिप. फी माफ, बाकी निर्वाह आपला आपण. कायम नोकरीमुळे आम्ही शिष्यवृत्तीच्या कागदावर सुखवस्तू. सोसायटीचं कर्ज कापून हातात किती येतं ते त्या कागदावर लिहायला रकाना नाही. बरं, फी माफ तर माफ. पण ऑफिसातला क्लार्क खिडकीतून ओरडला, 'फ्रीशिपवाले बाजूला व्हा, आधी पैसेवाले!' सगळी रांग वळून बघायला लागली. मी बाजूला झाले. माझी चूक तीच. पाच वर्षांनंतरची मी बाजूला होणार नाही. ती म्हणेल, नंबर माझा आहे, आणि ही फी सरकार भरणार आहे, तुमच्या खिशातून जात नाही. एवढं साधं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडातून फुटलं नाही. ते वाक्य मला पाठ करायचं नाही, अंगात मुरवायचंय.

डिग्रीने सगळं धुऊन निघतं ह्या भ्रमात मी नाही. १९१७ साली बाबासाहेब अमेरिकेतून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तर शिपाई लांबून फायली फेकायचे आणि राहत्या सराईतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. शंभर वर्षांनी तरी काय बदललं? २०१६च्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुला गेला, पीएच.डी. करणारा पोरगा. २०१९च्या मेमध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, एम.बी.बी.एस. होऊन पुढं शिकत होती. कॉलेजचं फाटक उघडं असतं, आतली दारं बंद असतात. ही भीती माझ्या आईच्या पोटात आहे, ती बोलत नाही एवढंच. आई, मी तुला शब्द देते, असं काही झालं तर मी पहिल्यांदा इथं येईन. एकटी खोलीत बसून राहणार नाही. आणि मी येईन तेव्हा तुम्ही 'सहन कर, शिकून घे' एवढंच म्हणू नका. माझ्याबरोबर त्या फाटकाशी चला.

आता उलटी भीती. ती मला जास्त वाटते. समजा सगळं नीट झालं, नोकरी लागली, चांगली. मग काय? आपल्यातले कितीतरी शिकले. फ्लॅट घेतला, दारावरची पाटी आडनाव गाळून केली. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पांढरे कपडे घालून येतात, पावती फाडतात, आणि गटाराचा वास आला की रुमाल काढतात. त्यांचा रुमाल बघून मला आधी राग यायचा. परवा स्टेशनचं नाव सांगितलं तेव्हा कळलं, तो रुमाल माझ्याही खिशात आहे. महिन्याभरात आला! अजून डिग्री नाही, पगार नाही, आणि रुमाल आधी. १९५६च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल आपलं दुःख बोलले, ते मी इतके दिवस दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे असं समजत होते.

मला एका पोरीची फार आठवण येते. मुक्ता साळवे. मांगाची पोर, पुण्याला जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली, आणि १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त छापून आला. तिला कुणी 'पाच वर्षांनी तू कुठं असशील' असं विचारलं नव्हतं. तिने आपल्याला काय व्हायचंय ते लिहिलंच नाही. आपल्या लोकांचं काय चाललंय ते लिहिलं. पुढं तिचं काय झालं ह्याबद्दल इतिहासाने फारसं लिहून ठेवलेलं नाही. निबंध राहिला. माझ्या इंग्रजीच्या वहीतला तो 'छान' निबंध पुढं कुणी वाचला तर काय म्हणेल? मी ते पान फाडलंय. सोमवारी मॅडमना दुसरं देणार आहे, पहिल्या ओळीत वसाहतीचं नाव घालून. शेरा काय येतो तो येवो.

काही लहानसहान गोष्टीही हव्यात, त्या सांगायला लाज वाटते पण सांगते. एक टेबल हवंय, माझं. आता जेवणं उरकली की ओट्याजवळ पत्र्याच्या पेटीवर लिहिते. इंग्रजीत भांडता यायला हवं. आणि आईला एकदा सकाळी आठपर्यंत झोपलेली बघायचंय, आजारी नसताना.

बास झालं. चहावाला आलाय, दिसतोय मला.

एक सांगायचं राहिलं. रविवारी चार वाजता इथंच, विहारात, सगळ्यांनी आपापलं पगारपत्रक घेऊन या. शेवटच्या सहा महिन्यांची आणा. पी.एफ. किती कापतात, सोसायटीचा हप्ता किती, खाडे कुणी कसे लावले, ते मी आणि अकरावीतल्या दोन पोरी वाचून दाखवू. आम्हालाही अजून सगळं कळत नाही, चुकलो तर सांगा. आई, तुझं लुगड्याच्या घडीत ठेवलेलं असतं, मला माहीत आहे. तेही आण. आणि काका, तुम्ही चष्मा विसरू नका.

जय भीम.