किळस कुणाची, करुणा कुणाची
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिला, 'आरोग्यसेवेतील करुणा'. वाचून आधी हसूच आलं. बावीस वर्षं मी सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स आहे. करुणा, त्याग, सेवा हे शब्द आमच्या कानावर वर्षातून एकदाच पडतात, १२ मे ला. नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस. त्या दिवशी मेणबत्ती, गुलाबाचं फूल, शपथ. १३ मे ला पुन्हा एक सिस्टर आणि चाळीस पेशंट.

तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, ही बाई आता चळवळीला गोधडीत गुंडाळून निजवणार. घाबरू नका. करुणा हा मऊ शब्द आहे असं ज्यानं आपल्याला शिकवलं, त्यानं आपल्याला फसवलंय. हा शब्द आपला आहे, आणि आज मी तो परत मागायला उभी आहे.

आधी सांगा, गावगाड्यात बाळंतपण कोण करत होतं? कित्येक गावांत मांगीण, महारीण. आपल्याच आज्या, पणज्या. वाड्यातलं पोर जगात आलं ते त्यांच्या हातांत. नाळ त्यांनी कापली, वार त्यांनी पुरली. आणि काम उरकल्यावर? सुपातले दाणे वरून पदरात आणि मागं घर धुऊन काढलेलं. ज्या हातानं त्या बाळाला पहिला माणसाचा स्पर्श दिला, तो हात बारशाला मात्र विटाळाचा! म्हणजे हात पाहिजे, माणूस नको. जातीचं सगळं शास्त्र या चार शब्दांत आलं.

आता शहरात या. इस्पितळानं आपल्याला पगार दिला, गणवेश दिला, हे मी नाकारत नाही. पण वॉर्डात मूत, रक्त, पू, उलटी कुणी उचलायची याची वाटणी डोळे उघडून बघा. वॉर्डबॉयला सगळे 'मामा' म्हणतात. आयाबाईला 'मावशी'. किती गोड! मामाला बसायला खुर्ची नाही. मावशीच्या डब्यातलं कालवण कुणी चाखत नाही. तिचं खरं नाव दहा वर्षं त्याच वॉर्डात राऊंड घेणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसतं. नातं तोंडात आणि पायरी डोक्यात. आणि हे फक्त वरच्या जातीचे करतात असं समजू नका. आपल्यातला पोरगा शिकून डॉक्टर होतो, पोरगी सिस्टर होते, आणि महिन्याभरात त्यांनाही बेडपॅनकडं बोट दाखवून "मावशी, उचल ते" म्हणण्याची सवय लागते. बोट लांब झालं की जात आलीच.

बुद्धाची एक गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, तो ग्रंथ निघाला. एक भिक्खू पोटाच्या आजारानं स्वतःच्याच घाणीत पडला होता. कुणी फिरकत नव्हतं, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग एकानं डोक्याकडून, एकानं पायांकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवलं. त्यानंतर संघ बोलावून बुद्धानं विचारलं ते असं : तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार?

पण माझ्या कामाची गोष्ट पुढंच आहे. महावग्गात चांगल्या शुश्रूषा करणाराचे पाच गुण दिलेत. त्याला औषध तयार करता यावं. रोग्याला काय सोसतं, काय सोसत नाही हे कळावं. लाभासाठी नव्हे, तर मैत्रीच्या मनानं त्यानं करावं. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून त्यानं रोग्याचं मन प्रसन्न करावं.

क्रम बघा. पहिल्या दोन जागा कसबाच्या आहेत. ज्याला सुई टोचता येत नाही त्यानं नुसते डोळे ओले करून उपयोग नाही. आणि चौथा गुण ऐकताना मला तर अंगावर शहारा येतो. जात कशावर उभी आहे? किळशीवर. कुणाच्या अंगाची, कुणाच्या कामाची, कुणाच्या सावलीची किळस. बुद्ध म्हणतो, किळस टाक, तरच तू शुश्रूषेला लायक. म्हणजे सोवळं पाळणारा माणूस नर्स होऊच शकत नाही! अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पात्रता आजच्या भरतीला लावली तर किती जण टिकतील?

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं तापलेलं पोर बाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं, असं सांगतात. त्याच साथीनं १० मार्चला त्या गेल्या. त्याच मार्चमध्ये रँडसाहेबाच्या कमिटीचे सोल्जर रोगी हुडकायला घराघरांत घुसत होते. रोगी हुडकणं जरूर होतं. पण एक हात दार फोडत होता, एक हात पोराला पाठीशी धरत होता. रोग तोच, साल तेच. फरक कुठं होता तो तुम्हीच ओळखा.

आता माझी गोष्ट. खुब्याचं हाड मोडलेला एक म्हातारा माझ्या वॉर्डात होता. त्यानं आडनाव विचारलं, मी सांगितलं. म्हणाला, "पाणी दुसऱ्या बाईला द्यायला सांग." मी म्हटलं, "बाबा, या पाळीत पाणी याच हातानं मिळतं." तहान लागल्यावर प्यायला. घरच्यांनी तक्रार केली. वरच्या बाई मला म्हणाल्या, "ॲडजस्ट कर, तू बेड बदलून घे." मी म्हटलं, कारण लिहून लेखी ऑर्डर द्या. तो कागद आजतागायत आलेला नाही.

आणि त्या म्हाताऱ्याची कूस मी दर दोन तासांनी बदलली. पाठ पुसली, पावडर लावली. बेडसोर होऊ दिला नाही. तो सुधारला का? नाही. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. न का बघेना. दया ही वरून खाली टाकतात, त्या सुपातल्या दाण्यांसारखी, आणि घेणारानं वाकावं अशी तिची अट असते. करुणेला दोघं एका पातळीवर लागतात. तो वाकला नाही, मीही वाकले नाही. माझं काम मी चोख केलं आणि माझं आडनावही लपवलं नाही.

आता हिशोब. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथं रक्त पोचत नाही, कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते. म्हणून कूस बदलायची. धरा, वॉर्डात दहा जण अंथरुणाला खिळलेले. प्रत्येकाला दोन माणसं, दहा मिनिटं. झाली शंभर मिनिटं. दर १२० मिनिटांतली १०० यातच गेली. उरलेल्या २० मिनिटांत बाकी तीस पेशंटची इंजेक्शनं, सलाईन, ताप, बी.पी., कागद. आणि दुसरा माणूस आणायचा कुठून? मावशीची जागा रिकामी, मामा कंत्राटावर. मग साहेब भिंतीवर पाटी लावतात, 'हसतमुख सेवा द्या'. साहेब, करुणेला पोस्ट लागते! ग्लोव्हज लागतात. वेळेवर पगार लागतो. २२ मार्च २०२० ला देशानं आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. थाळीच्या आवाजानं कुणी कायम होत नाही.

आणि माणसं असली तर काय होतं तेही सांगते. अरुणा शानबाग स्वतः नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला इस्पितळातच तिच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. हल्ल्याच्या वेळी ज्या जन्मल्याही नव्हत्या त्यांनीसुद्धा. ही कुणा एका देवमाणसाची कामगिरी नव्हे. एक पाळी संपली, दुसरीनं हाती घेतलं, तिनं तिसरीला दिलं. करुणा म्हणजे पाळी असते पोरांनो! चळवळही तशीच चालते, एकाच्या खांद्यावर कधी चालत नाही.

तेव्हा माझं मागणं एवढंच. इस्पितळात गेलात तर मावशीला तिचं नाव विचारा. वस्तीतला पेशंट ॲडमिट झाला की मोर्चासारख्या पाळ्या लावून त्याच्या उशाशी बसा. सफाईवाल्याच्या, कंत्राटी आयाच्या युनियनला ताकद द्या. शिकून डॉक्टर झालात, नर्स झालात, तर पहिल्या दिवशी एक बेडपॅन स्वतःच्या हातानं उचला. हात धुता येतात. किळस धुवायला फार पाणी लागतं, तिची सुरुवात आपल्या हातांपासून करू.

जयभीम.